गांधीबागेतली नजरबंदी

गांधीबागेत प्रवासी म्हणून कोणी जात नाही. नागपूर पाहायला आलेला माणूस दीक्षाभूमीला जातो, फुटाळ्यावर चक्कर मारतो, झिरो माइलच्या खांबापाशी फोटो काढतो, संत्रा बर्फीचे डबे बांधून घेतो आणि गाडी पकडतो. गांधीबागेत जायचे ते लग्नाचा बस्ता बांधायला, नाहीतर कोणाला तरी दवाखान्यात बघायला. तरीही जादूची खरी यात्रा करायची असेल, तर सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रोने अग्रसेन चौकात उतरावे. मे महिन्यात मात्र उतरू नये, कारण ४५ अंशांत तिथे पहिल्यांदा प्रवासीच गायब होतो. उतरल्यावर कपडा मार्केटातल्या कुठल्याही दुकानात चपला काढून पांढऱ्या गादीवर बसावे आणि समोरच्या माणसाचे हात बघावेत. जादूगाराची एक जुनी युक्ती आहे. तो दोन पत्ते उपडे ठेवतो आणि एकावर बोट ठेवा म्हणतो. त्याला हवा होता त्यावर बोट पडले, तर म्हणतो, ‘वा, हाच तुमचा.’ दुसऱ्यावर पडले, तर तितक्याच आनंदाने म्हणतो, ‘छान, हा बाजूला काढू.’ निवड तुम्ही केली असे तुम्हाला आयुष्यभर वाटत राहते. गादीवरचा माणूस हेच पत्त्यांऐवजी साड्यांवर करतो. उचललेली साडी आवडली, तर ‘क्या पसंद है भाभीजी की!’ नाही आवडली, तर ‘ती तर नुसती रंग दाखवायला काढली होती.’ संध्याकाळी बस्ता बांधून निघालेल्या कुटुंबातला प्रत्येक जण आपणच भाव पाडला या समाधानात असतो, आणि दुकानदार त्या समाधानाला जराही धक्का लावत नाही.

आता भूगोल. या बाजाराला लागून डागा हे बायकांचे सरकारी रुग्णालय आहे. पलीकडे मेयो आहे. त्याचे कागदोपत्री नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पण ऑटोवाल्याला ते सांगून पाहा, तो मेयोलाच नेतो. हाकेच्या अंतरावर गंजीपेठेचा दवा बाजार. फसवण्यात तरबेज आणि बरे करण्यात तरबेज अशी दोन्ही माणसे जिथे एकाच पार्किंगसाठी भांडतात, तिथे एक मुद्दा मांडायला जागा चांगली आहे: डॉक्टरने जादू शिकावी, आणि जन्मभर करत राहावी. त्याने रोगी रमतो, हा त्यातला किरकोळ फायदा. खरे कारण असे की ज्याला फसवण्याची कला ठाऊक नाही तो सहज फसतो, आणि डॉक्टर फसला की बिल रोग्याच्या नावाने निघते.

मराठी समाजाला डॉक्टरच्या छंदाचे वावडे नाही, हे आधीच मान्य करू. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक डॉ. श्रीराम लागू रंगभूमीवर गेले, दंतवैद्य डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या एंट्रीला शिट्ट्या पडल्या, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारही करतात आणि अभिनयही, नागपूरचे डॉ. गिरीश ओक तर घरचेच. नाटक करणाऱ्या डॉक्टरला आपण रसिक म्हणतो. पण तोच डॉक्टर हातरुमालातून कबुतर काढू लागला, तर सोसायटीत कुजबुज सुरू होते, की प्रॅक्टिस चालत नसेल बिचाऱ्याची. जादूगाराचा मान आपण पुण्याच्या रघुवीर भोपळ्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना दिला, तिकीट काढून दिला. शेजारच्या एमबीबीएसला द्यायला मात्र मन होत नाही. अमेरिकेत असा संकोच नव्हता. तिथल्या जादूगारांची सर्वांत जुनी संघटना, सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स, १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मार्टिंका यांच्या जादूच्या सामानाच्या दुकानात जन्मली, ती डॉ. सॅरम एलिसन या डॉक्टरांच्या खटपटीने. पहिले अध्यक्ष डॉ. गोल्डन मॉर्टिमर, तेही डॉक्टरच. ‘डॉक्टरला एवढा वेळ कुठून मिळणार’ असे विचारणाऱ्यांसाठी एवढेच, की मॉर्टिमरनी अध्यक्ष होण्याच्या आदल्याच वर्षी कोकाच्या झाडावर एक जाडजूड ग्रंथही छापून टाकला होता. वेळ नसतो तो व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवणाऱ्यांना.

उलट बाजूचा पुरावा त्याहून भारी आहे. सर आर्थर कॉनन डॉयल एडिंबराला शिकलेले डॉक्टर. सिगारेटच्या राखेवरून खुनी ओळखणारा शेरलॉक होम्स त्यांनी निर्माण केला. १९१७ मध्ये इंग्लंडातल्या कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी, एक १६ वर्षांची आणि एक ९ वर्षांची, पुस्तकातल्या चित्रांवरून पऱ्या काढल्या, कापल्या, टोपीच्या पिनांनी गवतात उभ्या केल्या आणि त्यांचे फोटो काढले. डॉयलसाहेबांनी ते खरे मानून १९२२ मध्ये पऱ्यांच्या आगमनावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अटलांटिक सिटीत त्यांच्या पत्नीने मृतात्म्यांच्या बैठकीत हॅरी हुडिनी या जादूगाराला त्याच्या मेलेल्या आईचे पत्र ‘उतरवून’ दिले. पत्र अस्खलित इंग्रजीत होते आणि वर क्रूस काढलेला. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची, म्हणजे रब्बीची बायको, तिला इंग्रजी येत नव्हते. हुडिनी शाळा अर्धवट सोडलेला माणूस, पण फसवण्यातच उभा जन्म गेल्यामुळे त्याला हे ताबडतोब दिसले. डॉयलना अखेरपर्यंत दिसले नाही; उलट हुडिनीच्या अंगातच दैवी शक्ती आहे आणि तो ती लपवतो, असा त्यांचा ठाम समज होता. शिक्षण, बुद्धी, निरीक्षण सगळे होते. रुमालाखालून नाणे नाहीसे करायचा सराव तेवढा नव्हता.

यावर आजचा डॉक्टर म्हणेल, ते शंभर वर्षांपूर्वीचे, आता आमच्याकडे सीटी स्कॅन आहे. तर तेच घेऊ. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला लावले आणि काही चित्रांत चक्क एक हात उगारलेला गोरिला घालून ठेवला. गाठीच्या ४८ पट मोठा. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रानुसार त्यातल्या बहुतेकांची नजर गोरिलावरूनच गेली होती. मेयोच्या ओपीडीतला एखादा आजोबा हे ऐकून म्हणेल, ‘काहून बा, मले तर गोरिला घरीच दिसते,’ पण त्यात डॉक्टरांचा अपमान करण्यासारखे काही नाही. लक्ष एका गोष्टीवर लावले की बाकीचे जग पुसले जाते, आणि जादूगाराचा सगळा धंदा या एका सवयीवर चालतो. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात मेंदूच्या नसा पाठ करून घेतात. स्वतःचा मेंदू कधी डोळे उघडे ठेवून झोपतो, हे कोणी करून दाखवत नाही. तीन कटोऱ्या आणि एका गोटीचा खेळ तीन महिने आरशासमोर केला, तर हे फुकटात कळते. उलट, सगळे बघतात तिकडे न बघण्याचे एक जुने उदाहरण भूलशास्त्राच्या मुळाशीच सापडते. १० डिसेंबर १८४४ ला हार्टफर्डमध्ये हसवणाऱ्या वायूचा खेळ होता. वायू हुंगलेला एक माणूस स्टेजवर धिंगाणा घालत बाकावर आपटला. प्रेक्षक त्याच्या चाळ्यांवर पोट धरून हसत होते. होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य मात्र त्याच्या रक्ताळलेल्या पायाकडे बघत होता आणि याला दुखत कसे नाही, हे त्याला विचारावेसे वाटले. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. खेळिया जिकडे बोट दाखवतो तिकडे न बघणे, ही सवय असलेला डॉक्टर खेळातूनही काहीतरी घेऊन घरी येतो.

दवा बाजारात शिरल्यावर प्रवाशाने खोके चुकवत चालावे. इथून निघालेल्या गोळ्या खेड्यापाड्यांतल्या औषध दुकानांत जातात. या व्यापाऱ्यांकडे मागितले तर जखम धुवायचे पोटॅशियम परमँगनेट मिळते आणि भेगाळलेल्या टाचांना लावायचे ग्लिसरीनही. ही दोन एकत्र आली की थोड्या वेळाने आपोआप पेटतात, साधारण एक मंत्र म्हणेपर्यंतच्या वेळात. महाराष्ट्रातल्या किती बुवांचा यज्ञ या दोन बाटल्यांवर पेटला, त्याची मोजदाद नाही. हळदीवर चुन्याची निवळी शिंपडली की ती लाल होते आणि देवीने कुंकू दिले असे जाहीर होते. हे करून दाखवणारी आणि मग बाटलीही दाखवणारी मंडळी इथलीच: श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती नागपूरची, आणि तिकडे साताऱ्याला मिरजेतून एमबीबीएस झालेल्या, कबड्डीपटू डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. दवाखाना चालवलेल्या माणसाने चमत्कारांच्या मागचे रसायन गावोगाव लोकांसमोर मांडावे, याहून डॉक्टर आणि जादू यांची सरळ जोडी महाराष्ट्रात दुसरी सांगता येणार नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. या ठिकाणी विनोदी लेखाने थोडे थांबावे हे बरे.

कायद्यालाही औषध आणि जादू यांचा संबंध कळलेला आहे. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात असे ५४ आजार दिले आहेत, ज्यांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात करायला मनाई आहे. ५४ म्हणजे बावन्न पाने आणि दोन जोकर. संसदेला हे सुचले होते की योगायोग, सांगता येत नाही. तरीही कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर त्यातली निदान चार-पाच पाने उघडी पडलेली दिसतात. कायदा भिंतीपर्यंत पोचत नाही. भिंत वाचून आलेल्या रोग्याला ‘ही हातचलाखी अशी करतात’ हे करून दाखवणारा डॉक्टर पोचेल, अशी आशा बाळगायला जागा आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप नीतीचा आहे. जादू म्हणजे फसवणूक, डॉक्टरकी म्हणजे विश्वास. एका हातात दोन्ही कशी धरणार? पण जादूगार ‘मी तुम्हाला फसवणार आहे’ असे तिकिटावर छापून फसवतो, एवढा प्रामाणिक धंदा दुसरा नाही. आणि उघड सांगितलेली फसवणूकही काम करू शकते, याला आधार आहे. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी २०१० मध्ये आतड्याच्या विकाराच्या ८० रोग्यांवर अभ्यास केला. निम्म्यांना स्पष्ट सांगून, की यात औषध नाही, निष्क्रिय गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यातल्या ५९ टक्क्यांनी आराम पडल्याचे सांगितले. गोळी न घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. अभ्यास छोटा आहे आणि आराम रोग्यांनीच सांगितलेला आहे, म्हणून त्यावर दवा बाजार बंद करू नये. लहान मुलांचा पुरावा अधिक सरळ आहे. दंतवैद्याच्या खुर्चीत बसायला साफ नकार देणाऱ्या ३ ते ६ वर्षांच्या ७० मुलांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. जादू दाखवली ती मुले लवकर खुर्चीत बसली. लंडनमध्ये तर एक बाजू लुळी असलेल्या मुलांना जादूच शिकवतात, कारण दोन्ही हात वापरल्याशिवाय दोरीची गाठ सुटल्याचा भास होत नाही, आणि पोरगे व्यायाम म्हणून जे करणार नाही ते टाळ्यांसाठी दिवसभर करते.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो पूर्ण परतवता येत नाही. जादू शिकलेलेही फसतात. हॉवर्ड थर्स्टन हा त्या काळचा अमेरिकेतला आघाडीचा जादूगार. १९१० मध्ये मृतात्म्यांच्या बैठका घेणाऱ्या युसेपिया पॅलाडिनो या बाईचे टेबल अधांतरी तरंगते आणि त्यात हातचलाखी नाही, अशी त्याने जाहीर ग्वाही दिली. दुसऱ्या जादूगारांनी ती बाई धरून ठेवलेला पाय कसा सोडवते ते शोधून काढले. म्हणजे जादू ही लस आहे, आणि लस घेतलेल्यालाही कधी ताप येतो. डॉयलपेक्षा थर्स्टनच्या चुका मात्र कमी होत्या, एवढे तरी मान्य करावे लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गांधीबागेत असाल, तर कोणी काही सांगायच्या आत गर्दीच तुम्हाला इतवारीच्या बाजूला नेते. तिथे काळी आणि पिवळी मारबत अशा पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असे सांगतात. सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे. खोकला, ताप, डेंग्यू, महागाई आणि त्या वर्षी नावडता झालेला एखादा पुढारी, या सगळ्यांना घेऊन जा म्हणून लोक घसा फाटेपर्यंत ओरडतात आणि शेवटी पुतळा जाळतात. बांबू कुणी बांधला, कागद कुणी चिकटवला, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असते. हार्वर्डच्या आधी सव्वाशे वर्षे नागपुरात उघड सांगून दिलेली गोळी चालू आहे, आणि ओरडून झाल्यावर माणसाला हलके वाटते, यात शंका नाही. डेंग्यू तेवढा जात नाही, कारण त्याचा डास मिरवणुकीत येत नाही. तो घरी कूलरच्या टाकीत बसलेला असतो. टाकी दर आठवड्याला रिकामी करा, हे महापालिका भोंग्यावरून सांगते आणि कोणी ऐकत नाही. तेच एखाद्या डॉक्टरने पोराच्या कानामागून पाच रुपयांचे नाणे काढत सांगितले, तर पोरगे घरी जाऊन आधी आजीच्या कानामागे बघते, आणि मग कूलरमध्ये.