ता. क. चकली मागवा

मी धंद्यात पडलो तो सबीर भाटियांचं नाव घेऊन. त्यांचा यात काही दोष नाही. ४ जुलै १९९६ ला त्यांनी आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी एक ओळ चिकटवली : तुम्हीही फुकट ईमेल घ्या. जाहिरातीवर खर्च नगण्य, आणि दीड वर्षात सव्वा कोटीच्या आसपास खाती! पैसे घालणाऱ्या टिम ड्रेपरना त्या ओळीला 'ता. क. आय लव्ह यू' हेही जोडायचं होतं. ते मात्र हॉटमेलवाल्यांनी उडवलं.

मी ठेवलं. माझं घरगुती फराळाचं ॲप. माझ्या मेलखाली आपोआप उमटायचं : 'ता. क. लोभ आहेच. खुसखुशीत चकलीसाठी इथे टिचकी मारा.' सोसायटीतल्या एका गृहस्थांचे वडील गेले, तेव्हा मी सांत्वनाच्या चार ओळी पाठवल्या. 'बाबांच्या आत्म्यास शांती लाभो'च्या खाली चकली हजर! ते गृहस्थ आता लिफ्टमध्ये मी दिसलो की जिन्याने जातात. राहतात सहाव्या मजल्यावर.

मग इंटरनेटवर फायली साठवायला जागा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचा कित्ता गिरवला. त्यांना गूगलवरच्या जाहिरातींतून एकेक ग्राहक दोन-तीनशे डॉलरला पडत होता आणि वर्षाची वर्गणी होती ९९ डॉलर. तेव्हा त्यांनी 'मित्राला आणा, दोघांनाही जादा जागा फुकट' अशी योजना काढली. सप्टेंबर २००८ मधले एक लाख वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत चाळीस लाख झाले, त्यात या योजनेचा वाटा मोठा. ग्यानबाची मेख अशी, की त्यांनी वाटली ती जागा. मी वाटले रोख पन्नास-पन्नास रुपये, तेही भाजणी आणि तेल सांभाळून.

मावशीने काकांना आणलं. काकांनी मावशीच्या जुन्या फोनला आणलं. जुन्या फोनने भाच्याची तीन सिमकार्डं आणली. सगळ्यांचे पन्नास-पन्नास एकत्र करून मावशीने दोन किलो चकली नेली आणि वर म्हणाली, "तुझं ॲप फार छान आहे हो. पण मीठ कमी आहे."

या धंद्यात एक आकडा बघतात : एक ग्राहक सरासरी किती नवे आणतो. तो एकाच्या वर गेला तर साथ, खाली राहिला तर नुसतं पडसं. माझा आला अर्धा. शंभरांनी पन्नास आणले, पन्नासांनी पंचवीस, आणि दोनशेच्या आत कारभार आटोपला. त्यातही मावशीचं घर किती वेळा मोजलंय, ते मी तपासलेलं नाही. पेपालने १९९९-२००० मध्ये येणाऱ्याला दहा आणि आणणाऱ्याला दहा डॉलर वाटले खरे, पण त्यांच्यामागे गुंतवणूकदारांची थैली होती. माझ्यामागे बायको होती, आणि ती हिशेब मागत होती.

ॲप बंद केलंय. चकल्या आहेत, आता मीठही बरोबर आहे. हव्या असतील तर सरळ घरी या, रोख द्या, आणि कृपा करून सोबत कुणाला आणू नका.