सेक्रेटरीचं काय चुकलं?

(स्थळ: नेरूळ. पाम बीच रोडपासून दोन गल्ल्या आत, एका सोसायटीचं क्लबहाऊस. रविवार सकाळ. टेबल टेनिसच्या टेबलावरची जाळी काढून तिथे बटाटेवडे, चटणी आणि पी. जी. वुडहाऊसची पिवळी पडलेली पेपरबॅक पुस्तकं मांडली आहेत. काही फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची, काही २०१८ साली बंद झालेल्या स्ट्रँड बुक स्टॉलमधली. हजर: निवृत्त बँकवाले, इंग्रजीच्या निवृत्त बाई, ऐरोलीला आयटीत काम करणारा तरुण, आणि मुलाकडे राहायला आलेले पुणेकर. ‘बाबा, खाली जरा वेळ जाईल तुमचा’ असं सांगून सूनबाईंनी त्यांना पाठवलं आहे.)

बँकवाले: नियम नेहमीचाच. एकाने प्रश्न विचारायचा, बाकीच्यांनी गूगल न करता उत्तर द्यायचं. मोबाइल पालथे घाला.

तरुण: काका, माझं पुस्तकच मोबाइलमध्ये आहे. मी वुडहाऊस ऐकतो. ठाणे गाडीत, नेरूळ ते ऐरोली.

बाई: आणि एकटाच हसतोस? लोक सरकून बसत असतील.

तरुण: म्हणून तर जागा मिळते, मॅडम.

पुणेकर: हे वुडहाऊस म्हणजे कुलाब्याला ज्यांच्या नावाचा रस्ता होता, तेच ना?

बँकवाले: छे छे! तो रस्ता गव्हर्नर सर फिलिप वुडहाऊस यांच्या नावाचा. १८७२ ते १८७७ मुंबईचे गव्हर्नर होते ते. आता त्याला नाथालाल पारेख मार्ग म्हणतात. आपले वुडहाऊस जन्मले १८८१ साली. घराणं एक, माणूस वेगळा.

तरुण: अरे देवा. मी तिथल्या एका जुन्या पाटीबरोबर फोटो काढून डीपी ठेवलाय.

बाई: असू दे रे. घराणं एकच आहे म्हणालेत ना.

बँकवाले: जीव्हज हे नाव कुठून आलं?

तरुण: पर्सी जीव्हज! वॉरिकशायरचा क्रिकेटर. १९१३ साली चेल्टनहॅमच्या मैदानावर वुडहाऊसने त्याला खेळताना पाहिलं, नाव डोक्यात राहिलं. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत गेला बिचारा. तो बोलिंग कशी करायचा सांगू?

बाई: नको.

बँकवाले: वुडहाऊसची पहिली नोकरी?

तरुण: बँकेत. हाँगकाँग अँड शांघाय बँक, लंडन. १९०० ते १९०२.

बँकवाले: आणि तिथे त्याने काय दिवे लावले, ते मी आज सांगणार आहे.

बाई: दर रविवारी सांगता.

बँकवाले: हे पाहुणे नवीन आहेत. तर बँकेत नवं लेजर आलं. कोरं करकरीत, पहिलं पान पांढरंशुभ्र. साहेबांना मोह आवरेना. त्यांनी त्या पानावर ‘नव्या लेजरचा उद्घाटन समारंभ’ अशा थाटाचा विनोदी मजकूर झोकात लिहून काढला. मग पोटात गोळा आला, आणि पान कापून टाकलं. लेजरचं पान! अहो, माझी हयात बँकेत गेली. आमच्याकडे असं झालं असतं तर व्हिजिलन्सवाले येऊन बसले असते.

पुणेकर: तिथे कोण आलं?

बँकवाले: हेड कॅशियर. त्याचं स्टेशनरीवाल्याशी जुनं वाकडं. त्याने त्यालाच बोलावून झापलं, की अर्धवट लेजर देतोस काय? स्टेशनरीवाला म्हणाला, माल पुरा दिलाय, तुमच्यातल्याच कोणीतरी पान कापलंय, आणि हे काम ठार वेड्याचं आहे. तुमच्या खात्यात आहे का कोणी वेडा? हेड कॅशियर जरा विचारात पडला. म्हणाला, आहे खरा एक. वुडहाऊस म्हणून.

बाई: हे त्याने स्वतःच म्हातारपणी लिहिलंय. त्यामुळे निम्मा मीठमसाला धरा.

बँकवाले: लेजरचं पान फाडल्याचं कोणी खोटं सांगेल का, बाई?

बाई: पण तो बँकेत गेलाच का, ते कुठे सांगता तुम्ही? त्याला जायचं होतं ऑक्सफर्डला. वडील हाँगकाँगला मॅजिस्ट्रेट होते. पेन्शन मिळायची रुपयांत, खर्च व्हायचा पौंडांत, आणि रुपयाचं तळ्यात-मळ्यात चाललेलं. थोरला ऑक्सफर्डला शिकतच होता. दुसऱ्याची फी झेपेना.

बँकवाले: म्हणजे रुपया घसरला म्हणून इंग्रजी साहित्य सुधारलं! हे रिझर्व्ह बँकेला कळवायला पाहिजे.

पुणेकर: (वडा खाली ठेवून) आणि तो थोरला भाऊ? त्याचं पुढे काय झालं?

(कोणीच बोलत नाही. बँकवाल्यांचा हात पालथ्या मोबाइलकडे सरकतो, बाई डोळे वटारतात.)

पुणेकर: नाही माहीत? हरकत नाही. अर्नेस्ट आर्मिन वुडहाऊस. ऑक्सफर्डचं न्यूडिगेट कवितेचं पारितोषिक, १९०२. धाकटा त्याच वर्षी बँक सोडत होता. मग थिऑसॉफी, बनारसचं सेंट्रल हिंदू कॉलेज, कृष्णमूर्तींच्या भोवतीची मंडळी. मुंबईला एल्फिन्स्टनमध्येही शिकवलं म्हणतात, ते सोडा. मुद्दा असा, की हे गृहस्थ इंग्रजीचे प्राध्यापक होते डेक्कन कॉलेजात. येरवडा, पुणे ६.

तरुण: काय सांगता! बर्टी वूस्टर लिहिणाऱ्याचा सख्खा भाऊ येरवड्याला?

पुणेकर: कॉलेजात. येरवड्याला म्हटलं की लोकांचा भलताच समज होतो. तर तुमचा तो रुपया जागेवर राहिला असता, तर धाकटाही ऑक्सफर्डला गेला असता, थोरल्याच्या मागोमाग इकडे आला असता, आणि डेक्कन कॉलेजात पेपर तपासत बसला असता.

बँकवाले: थोडक्यात वाचला म्हणायचा.

पुणेकर: तो वाचला. पुण्याचं नुकसान झालं.

बाई: एवढं सगळं ठाऊक होतं, मग मघाशी तो रस्त्याचा प्रश्न कशाला विचारलात?

पुणेकर: तुम्हाला माहीत आहे का, ते बघत होतो.

(दार लोटून सोसायटीचे सेक्रेटरी येतात. काखेत फाइल, हातात पावतीपुस्तक.)

सेक्रेटरी: हॉल कोणाच्या नावावर घेतलाय? कार्यक्रम कसला? फॉर्मवर दोनच रकाने आहेत. धार्मिक आणि कौटुंबिक.

बाई: साहित्यिक आहे.

सेक्रेटरी: त्यासाठी वाशीला साहित्य मंदिर आहे.

बँकवाले: बरं, वाढदिवस लिहा. वुडहाऊस, १५ ऑक्टोबर.

सेक्रेटरी: फ्लॅट नंबर?

तरुण: ते वारले. १९७५ साली, १४ फेब्रुवारीला.

सेक्रेटरी: मग पुण्यतिथी म्हणा की! धार्मिकमध्ये घेतो, निम्मा दर. कायमचा पत्ता?

बाई: शेवटी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला होते. १९४० साली फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडले, स्थानबद्ध झाले. सुटल्यावर बर्लिन रेडिओवरून पाच विनोदी भाषणं केली. इंग्लंड असं खवळलं, की ते पुन्हा तिकडे पाऊल ठेवायला गेले नाहीत. १९४५ मध्ये ऑर्वेलने त्यांची बाजू घेऊन लेख लिहिला, पण…

सेक्रेटरी: एनआरआय. एनआरआयचा फॉर्म वेगळा असतो.

बँकवाले: अहो साहेब, पुलंचा लाडका लेखक आहे हा.

सेक्रेटरी: असं आधी नाही का सांगायचं! बसा, बसा. चालू द्या तुमचं.

(ते पावती लिहू लागतात. तरुण पुस्तकांच्या ढिगातून एक उपसतो.)

तरुण: मॅडम, कुंड्यांचा सीन घ्या ना.

सेक्रेटरी: (पेन थबकतं) कुंड्या? कुठल्या विंगच्या?

बाई: ब्लँडिंग्ज कॅसलच्या.

सेक्रेटरी: उलव्याला का? तिकडे असली नावं ठेवतात.

बाई: अहो, कादंबरीतला वाडा आहे. ‘लीव्ह इट टू स्मिथ’, १९२३.

तरुण: पहाटेची वेळ. लिंबाच्या रंगाचा पायजमा घातलेला एक माणूस बाहेर अडकलाय, दार आतून बंद. मालक लॉर्ड एम्सवर्थ काही उठत नाही. म्हणून तो त्याच्या खिडकीतून एकेक कुंडी आत भिरकावतो!

सेक्रेटरी: माणूस कोण?

तरुण: बॅक्स्टर. लॉर्डसाहेबांचा सेक्रेटरी.

(सेक्रेटरी खुर्ची ओढून बसतात.)

सेक्रेटरी: उगाच नाही फेकणार तो. काहीतरी कारण असणार.

बँकवाले: वेड लागलं, असंच मालकाला वाटलं. नोकरीवरून काढला.

सेक्रेटरी: नोटीस न देता?

बँकवाले: नोटीस कसली? लॉर्ड आहे तो.

सेक्रेटरी: लॉर्ड असला तरी. पण तो अपरात्री बाहेर गेला कशाला?

बाई: हिऱ्यांचा हार चोरीला गेला होता. बॅक्स्टरला संशय, की तो कुंडीत लपवलाय.

सेक्रेटरी: होता?

बाई: काय?

सेक्रेटरी: हार. कुंडीत.

बाई: म्हणजे… लपवला होता कुंडीतच. लायब्ररीची यादी करायला आलेल्या एका मुलीने.

सेक्रेटरी: (टेबलावरच्या पुस्तकांकडे बघत) लायब्ररी. बरं. अजून कोणावर संशय होता त्याचा?

तरुण: कवी म्हणून आलेल्या एका पाहुण्यावर. तो भलत्याच कवीचं नाव सांगून तिथे राहत असतो.

सेक्रेटरी: आणि खरंच तोतया निघाला?

तरुण: हो. तोच हीरो आहे.

सेक्रेटरी: पोलीस व्हेरिफिकेशन नाही, भाडेकरार नाही. आख्ख्या वाड्यात सेक्रेटरी एकटा जागा. सेक्रेटरीचाच संशय दोन्ही वेळा बरोबर. आणि काढला कोणाला?

(मंडळी एकमेकांकडे पाहतात. एम्सवर्थच्या डुकरिणीची जात यांना तोंडपाठ आहे, पण बॅक्स्टरची बाजू आजवर एकालाही सुचलेली नाही.)

बाई: अहो, पण ते विनोदी आहे.

सेक्रेटरी: वाचणाऱ्याला. ग्रिलवरच्या कुंड्या काढा म्हणून मी सर्क्युलरवर सर्क्युलर काढली. पाचव्या मजल्यावरची तुळस कुंडीसकट माझ्या स्कूटरच्या सीटवर आली, तेव्हा हे साहेब बाल्कनीत उभे राहून हसत होते.

बँकवाले: (चटणीकडे पाहत) मला वाटतं लॉर्ड एम्सवर्थचीही काही बाजू असेल. गरीब माणूस. त्याचा सगळा जीव त्याच्या डुकरिणीत…

बाई: १९२३ मध्ये डुकरीण नव्हती. एम्प्रेस आली १९२७ च्या गोष्टीत.

सेक्रेटरी: म्हणजे तेव्हा ते निमित्तही नव्हतं! सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे अर्ज करायचा की त्याने. सिडको भवनाशेजारी बसून मी टाईप करून दिला असता. हे पुस्तक मी घेऊन जातो.

बँकवाले: अहो, ते स्ट्रँडचं आहे, आता मिळत नाही…

सेक्रेटरी: पावती देतो ना. ‘एक पुस्तक, वापरलेलं.’ सही करा. आणि एक सांगा, काढल्यावर त्याचं पुढे काय झालं? कुठे गेला?

तरुण: येतो ना परत! १९२९ च्या ‘समर लाइटनिंग’मध्ये. १९३९ मध्ये आणखी एकदा.

सेक्रेटरी: (आल्यापासून पहिल्यांदाच हसून) पुन्हा निवडून आला? बिनविरोध?