भिंतीला कान नसतात

पुण्यात रात्री दहाच्या ठोक्याला गाणं थांबतं. मात्र त्यासाठी ते गाणं पुरेसं हळू असावं लागतं.

सवाई गंधर्व महोत्सवाचंच बघा. 1953 साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो रात्र-रात्र चालला. लोक शाली, स्वेटर, चटया आणि डबे घेऊन यायचे आणि पहाटेची भैरवी डोक्यात घोळवत घरी जायचे. मग 2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. आयोजकांनी मैफल दुपारी सुरू करायला घेतली. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत, एरवी दहाला सगळं आवरायचं. मालकंस आणि दरबारी हे रात्र मुरल्यावर गायचे राग. त्यांना आता रात्र पडते-न पडते तोच उरकून घ्यावं लागतं; संगीतशास्त्रातली मध्यरात्र हल्ली साडेनऊला होते. यावर कोणी रास्ता रोको केला नाही. तानपुऱ्यावर अन्याय झाला म्हणून कोणा आमदाराने लक्षवेधी मांडल्याचंही ऐकिवात नाही. तानपुऱ्याचा मतदारसंघ नसतो.

आता शहर तेच, नियम तेच, फक्त महिना भाद्रपद घ्या.

अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्यापासून मिरवणूक निघते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा असे मानाचे पाच लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे सरकू लागतात. पुढे ढोल-ताशा, झांजा, भगवे झेंडे. इथपर्यंत पुणेकराची फारशी तक्रार नसते. असलीच तर 'पूर्वीसारखं वादन राहिलं नाही' एवढीच, आणि ती तो मिरवणूक बघताबघताच करतो. खरा कार्यक्रम सूर्य मावळल्यावर सुरू होतो. मग स्पीकरच्या भिंती येतात. एकावर एक रचलेली खोकी, मागे जनरेटर, वर डोळ्यात घुसणारे दिवे, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी, बिचारा, गणपती.

सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. बेलबाग चौक, कुंटे चौक, उंबऱ्या गणपती करत ते टिळक चौकापर्यंत येतात आणि आकडा शंभर डेसिबलच्या आगेमागे घुटमळतो. राहत्या वस्तीत कायद्याने दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मुभा आहे. 55 आणि 100 हे आकडे ऐकायला अगदी शेजारी-शेजारी वाटतात, कारण डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. दर दहाला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 55 वरून 100 वर जाताना ती तीस हजार पटींहून जास्त वाढते. कोणी म्हणेल, लक्ष्मी रस्ता ही बाजारपेठ आहे, तिथे 65 लावा. लावू. तीन हजार पट. झालं समाधान?

विद्यार्थी मोजतात, वर्तमानपत्रं छापतात, पुणेकर गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करून 'यंदा जरा बरं होतं' असं म्हणतात. एवढं काटेकोर मोजूनही ज्याचं काही होत नाही, अशा गोष्टींत पुण्याचा हात कोणी धरणार नाही.

या मिरवणुकीने अलीकडे तीस तास ओलांडून दाखवले आहेत, आणि त्याला आवाजाच्या नियमाचाही हातभार आहे. सणासुदीला बारापर्यंत ध्वनिक्षेपक लावू देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्या दिवसांची यादी दरवर्षी निघते. पण बारा म्हणजे बारा. त्यामुळे कित्येक वर्षं असं घडत आलं आहे की बाराच्या ठोक्याला भिंती गप्प होतात आणि मंडळं जागच्या जागी उभी राहतात. कार्यकर्ते ट्रॉलीच्या चाकाला टेकून झोप काढतात. सकाळी सहाला पुन्हा खटका दाबला जातो. मुकाट्याने नदीपर्यंत चालत जाण्यावर कायद्याने कुठलीही बंदी नाही. पण आवाजाशिवाय विसर्जन ही कल्पनाच कोणाला शिवत नाही. लोकांना झोप मिळावी म्हणून केलेल्या नियमामुळे दुसऱ्या दिवसाची दुपारही गेली.

सरकार या सगळ्यात कुठे आहे? ते दोन्ही बाजूंना आहे. 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात ध्वनिप्रदूषणाच्या याचिका न्यायमूर्ती अभय ओक ऐकत होते. राज्य सरकारने चक्क त्यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला आणि प्रकरण दुसरीकडे द्या अशी मागणी केली. वकील मंडळी खवळली, टीका झाली, मग सरकारने माफी मागितली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने नियमात एक नाजूक दुरुस्ती केली. तोवर रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरले जायचे. आता राज्याने तसं जाहीर केलं तरच. म्हणजे रुग्णालय आहे, खाटा आहेत, खाटांवर माणसं आहेत. शांतता मात्र राजपत्रात छापून आली तर.

2024 साली हरित न्यायाधिकरणाने पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत तीसच माणसं असावीत असं फर्मावलं. शेकडो वादकांच्या पथकांचं धाबं दणाणलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे त्या अटीला स्थगिती मिळाली. पुण्यात पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. मला स्वतःला ढोल आवडतो. ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो, ताशा खाली येतो. भिंत दमत नाही. तिला डिझेल लागतं. आपण दोघांनाही 'पारंपरिक जल्लोष' या एकाच पावतीवर चढवतो, आणि मग ढोलाच्या पुण्याईवर भिंत रात्रभर नाचते.

परंपरेचं म्हणाल तर तिथेही भानगड आहे. पहिला सार्वजनिक गणपती भाऊ रंगारींनी 1892 साली बसवला, की पुढच्या वर्षा-दोन वर्षांत टिळकांनी उत्सवाला खरं सार्वजनिक रूप दिलं, यावर पुण्यात अजून हमरीतुमरी होते. होऊ द्या. पण दोघांपैकी कोणाकडेही ॲम्प्लिफायर नव्हता, यावर तरी एकमत व्हायला हरकत नसावी.

'आधी कोण' हाच प्रश्न जगभर आवाजाच्या भांडणाच्याही मुळाशी असतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आणि इंग्लंडने 2018 मध्ये आपल्या नगरनियोजनात एक साधं तत्त्व घातलं: जो नंतर आला त्याने सोय करायची. जुन्या गाण्याच्या अड्ड्याशेजारी नवे फ्लॅट बांधले, तर जाड काचांचा खर्च बिल्डरचा. त्याने ग्राहकाला 'चैतन्यमय परिसर' विकायचा आणि महिन्याभरात त्या ग्राहकाने चैतन्याविरुद्ध अर्ज करायचा, हे चालणार नाही. आमच्या उत्सवप्रेमींना हे तत्त्व फार पसंत पडेल. 'आम्ही आधीपासून आहोत, तुम्हाला त्रास होत असेल तर हिंजवडीला जा' हे त्यांचं आवडतं वाक्य आहेच. पण जरा थांबा. पेठ आधी, वाडा आधी, वाड्यातली दम्याची आजी आधी, गणपतीही आधी. भिंत सगळ्यांत शेवटी आली. तेव्हा काचा कोणी बसवायच्या?

शहराच्या पूर्वेला हेच नाटक वेगळ्या पोशाखात चालतं. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा. तिथे भाद्रपद दर शुक्रवारी येतो. बंगले आणि सोसायट्या आधीच्या, गच्चीवरचे बार नंतरचे. परवान्याप्रमाणे दीडला बंद करायचं असतं, पण घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात असतं. रहिवासी वर्षानुवर्षं अर्ज देत होते: आवाज, गाड्या, फाटकासमोरची भांडणं. अर्जांच्या फायली झाल्या. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण जिवांचा बळी घेतला आणि मग एकाएकी पालिकेला बेकायदा शेड दिसल्या, पोलिसांना वेळ दिसली, हातोडे पडले. झोपमोडीच्या फायलीला वजन यायला दोन मृत्यू लागले.

मजा अशी, की पेठेतला माणूस पबचं नाव काढलं की संस्कृतीवर घसरतो आणि कोरेगाव पार्कातला माणूस मिरवणुकीचं नाव काढलं की नागरिकशास्त्रावर. दोघांचं एकमेकांबद्दलचं मत मात्र अगदी खरं असतं.

तक्रार कोण करतं, हेही बघण्यासारखं आहे. पेठांमधले जुने रहिवासी आता थोडे उरले. उरलेल्यांपैकी म्हातारी माणसं विसर्जनाच्या आदल्या दिवशी पिशवी भरून कोथरूडला लेकीकडे जातात. तरुण मंडळी मंडळाची कार्यकर्ती असतात. दुकानदाराला वर्गणी देऊन वर्षभर तिथेच बसायचं असतं. फोन करावा तर पलीकडून पहिला प्रश्न, 'आपलं नाव काय?' आणि ते नाव अर्ध्या तासात मंडपात पोचलेलं. मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी 2025 मध्ये निकाल देताना पोलिसांना बजावलं, की तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका आणि ती फोडूही नका. ती याचिका प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांवर होती, आणि ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असंही न्यायालयाने त्यात सांगितलं. हे वाक्य ऐकून जो-तो समाधानाने दुसऱ्याच्या भोंग्याकडे बघू लागला.

मग उपाय काय? गोव्याने एक काढून पाहिला आहे. दहाच्या नियमाला वळसा घालायला तिथे पाळोळ्याच्या किनाऱ्यावर हेडफोनच्या पार्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं, बाहेर समुद्राचा आवाज आणि कारण न कळता नाचणारी पाचशे माणसं. लक्ष्मी रस्त्यावर हे होणार नाही. आपल्याला गाणं ऐकायचं नसतंच मुळी, शेजारच्या मंडळाला ऐकवायचं असतं.

दुसरा उपाय त्याहून कंटाळवाणा, म्हणून जास्त खरा. नेहरूनगरच्याच निकालात न्यायालयाने सुचवलं आहे, की ध्वनिक्षेपकाला ठरावीक डेसिबलच्या वर जाऊच न देणारी यंत्रणा बसवावी. आवाज मुळातच कोंडायचा. या भिंती काही कार्यकर्ते घरी बनवत नाहीत, त्या भाड्याने येतात, त्यांचे मालक ठरलेले आहेत, त्यांची गोदामं ठरलेली आहेत. आजचा हिशेब असा, की मिरवणूक होऊन जाते, नंतर मंडळावर गुन्हा नोंदला जातो, आणि पुढे राजकीय खटले मागे घेण्याची लाट आली की तोही विरून जातो. त्याऐवजी गोदामातून खोकं निघण्याआधीच त्याचा गळा बांधला, तर रात्री अकरा वाजता नाचणाऱ्या तीनशे पोरांच्या मध्ये उभं राहून आवाज कमी करा असं सांगायची वेळ एखाद्या एकट्या हवालदारावर येणार नाही. आणि मग दहाचा काटाही थोडा सैल करता येईल. हळू वाजणाऱ्याला रात्र द्या, मोठ्याने वाजणाऱ्याला दिवसासुद्धा देऊ नका. आज नेमकं उलटं आहे, कारण घड्याळ बघायला कुठलंही यंत्र लागत नाही, आवाज मोजायला लागतं. वर तो कोणाचा आहे हे बघावं लागतं.

हे होईल का? सदाशिव, नारायण आणि नव्या पेठेतल्या अभ्यासिकांवर माझा थोडा भरवसा होता. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलं-मुली तिथे टेबलाएवढी जागा भाड्याने घेऊन राज्यसेवेचा अभ्यास करतात. दहा दिवस खिडकीच्या काचा थरथरत असतात, कानात कापसाचे बोळे आणि समोर राज्यघटनेचं कलम 21. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली आवाजाचा त्रास न होता जगणं याच कलमात बसवलं आहे, आणि प्रश्न आला तर उत्तर त्यांना पाठ असतं. यांना पुण्यात मत नाही, म्हणून त्यांची तक्रारही नाही. पण उद्या यांच्यातलेच उपजिल्हाधिकारी होतील, पोलीस उपअधीक्षक होतील, कुठल्यातरी जिल्ह्यात ध्वनिक्षेपकाच्या परवानग्यांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर येईल. अशाच एका माजी अभ्यासिकावाल्याला, सध्या साहेब असलेल्या, मी विचारलं की सही करताना ते बोळे आठवतात का. तो म्हणाला, 'आठवतात ना. पण आमच्याकडे पालकमंत्र्यांचंच मंडळ आहे.'