वाडीतला एक दिवस : चाकरमान्यांसाठी मार्गदर्शन

मृग लागायला जेमतेम आठवडा उरलेला असतो. आपण रात्रीच्या गाडीने रत्नागिरीकडच्या घरी येऊन थडकलेले असता आणि हाती एकच दिवस असतो. घाबरू नये. चहा घेऊन पडवीत बसावे आणि कामांची यादी करावी : पातेरा गोळा करणे, बेणणी, ढासळलेला गडगा रचणे, पडवळाला मांडव, आंबे उतरवणे, विहिरीवरचा पंप, दोन माडांचे खड्डे. यादी सुवाच्य अक्षरात लिहावी, कारण दिवसभरात पुरे होणारे काम एवढेच.

सुरुवात खड्ड्यांपासून करावी. माडाचा खड्डा एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल असावा, दोन माडांत साडेसात मीटर अंतर सोडावे, असे शास्त्र सांगते. अंतर आधी मोजून घ्यावे. त्यात घाम येत नाही, आणि टेप धरून उभा राहिलेला माणूस लांबून कामाचा दिसतो. मग कुदळ शोधावी. ती मांगरात सापडते. दांडा मात्र हलत असतो. पाचर मारायची तर कोयता हवा, आणि कोयता शेजारच्या काकूंनी फणस फोडायला नेलेला असतो. तो आणायला गेलात की गरे खाल्ल्यावाचून सुटका नाही. फणस बरका असेल तर दहा मिनिटे धरावीत, कापा असेल तर अर्धा तास. हाताचा चीक खोबरेलाने काढण्याचा वेळ वेगळा. परत येईतो ऊन डोक्यावर येते. आता पाचरीच्या भानगडीत न पडता कुदळ डोणीत भिजत घालावी, म्हणजे लाकूड फुगून दांडा आपोआप घट्ट बसतो, आणि काकूंचीच कुदळ मागून आणावी.

वीतभर खणले की खाली जांभा लागतो. इथे कुदळ थांबते आणि पहार लागते. पहारीला कंबर लागते, आणि ती तर आपण लोकलला वाहिलेली. नेमके याच वेळी गडग्यावर एक काका येऊन बसतात. “काय हो, माड लावताय की कोंबडी पुरताय?” उत्तर देऊ नये. चिमूटभर माती बोटांत चोळून “कस बघतोय” म्हणावे.

पंपाने हवा धरली असेल तर त्यात कळशीने पाणी ओतावे. तिसऱ्या कळशीला तो सुरू होतो. चौथ्या मिनिटाला लाईट जाते. ही वामकुक्षीची वेळ समजावी. उकड्या तांदळाच्या पेजेवर ती उत्तम लागते.

उठल्यावर झेला घेऊन कलमाखाली जावे; शर्टाची वरची बटणे लावलेली असावीत. फांद्यांवर पाने शिवून ओंबिलीने घरे केलेली असतात. झेला वर गेला की ती काठीवरून खाली येते आणि सातबारा तिच्या नावावर असल्यासारखी चावते. खरे तर झाडावरचे किडे मटकावत वर्षभर राखण तीच करते. आपण कोण, हे तिला कसे ठाऊक असणार?

जुन्या माडाची नवी झावळी कातरीने कापल्यासारखी दिसली, तर गेंड्या भुंगा आला म्हणून समजावे. तो आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि शेंड्यातला कोवळा गाभा पोखरतो. त्याला तारेच्या आकड्याने ओढून काढायचे असते. त्यासाठी माडावर चढावे लागते. म्हणून कमरेवर हात ठेवून खालूनच वर पाहावे आणि “बघायला हवं” एवढेच बोलावे.

संध्याकाळी यादीतल्या ज्या कामाला हात लागला असेल त्यावर बिनदिक्कत काट मारावी. दोन पाट्या पातेरा हीसुद्धा सफाईच.

गाडीच्या घाईत डोणीतली कुदळ विसरेल. विसरू द्यावी. गणपतीला याल तेव्हा काकूंनी ती काढून मांगरात ठेवलेली असेल, आणि तुमच्या वीतभर खड्ड्यात त्यांचे अळू असेल.