पंगत त्यांची, पाट आमचा

मामांच्या नातवाची मुंज कुडाळला, आणि तीही ऐन मार्चएंडला. रजा मागितली तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "जा की. लॅपटॉप आहे ना बरोबर?" हल्ली रजा मंजूर होते ती लॅपटॉपला जामीन ठेवून.

पुणे स्टेशनवर गाडीला पाऊण तास होता. फलाटावर रेलवायरचं वाय-फाय, त्यातला पहिला अर्धा तास फुकट. ही सोय २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. पुणेकराला 'फुकट' हा शब्द मात्र त्याच्या बराच आधीपासून ठाऊक. लॅपटॉप उघडला. वाय-फाय जोडल्यासारखं दिसलं, पण मोबाइल नंबर विचारणारं पान काही उमटेना. शेजारच्या कॉलेजकुमाराने डोकावून निदान केलं, "काका, तुमचा ॲड्रेस फिक्स आहे."

"हो तर! चाळीस वर्षं सदाशिव पेठ."

त्याने कपाळाला हात लावला नाही, हे त्याच्या आईबापांचे संस्कार. आमच्या ऑफिसचा प्रिंटर ठरावीक आकड्यांचंच ऐकतो, म्हणून नेटवर्कवाल्याने माझ्या लॅपटॉपला १९२.१६८.१.४० हा आकडा कायमचा चिकटवला होता. आता नेटवर्क म्हणजे पंगत. येणाऱ्या प्रत्येकाला राउटर रिकामा पाट दाखवतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. माझा लॅपटॉप मात्र परक्या पंगतीत घरचाच पाट बगलेत मारून शिरत होता. वाढपी त्याच्याकडे बघतील कशाला? पोराने सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर नेलं. पान उमटलं, ओटीपी आला आणि पाठोपाठ गाडीही आली.

कोल्हापूरच्या लॉजवर मॅनेजर म्हणाले, "नेटची काळजीच करू नका साहेब, एकदम खटक्यात चालतंय." भिंतीतून एक केबल लोंबत होती. तिच्या पिनेची जिभली तुटलेली, म्हणून बोटाने दाबून धरली. दिवा लागला, नेट नाही. आकडा पाहिला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. तो ऐकून ऑफिसचा नेटवर्कवाला फोनवरच हसला. पाट मांडायला कुणीच आलं नाही की लॅपटॉप आपला आपणच एक आकडा घेतो, ओसरीवर रुमाल टाकून बसावं तसा. बसायला मिळतं, पानात काही पडत नाही. खाली जाऊन पाहिलं, तर राउटरची पिन उपटून तिथे मॅनेजरांनी स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावला होता.

फोंडा घाट उतरून कुडाळ गाठलं. मामांकडे वाय-फाय अगदी ठणठणीत. पासवर्ड विचारला, तर मामा म्हणाले, "कालनिर्णयाच्या पाठीर लिवलेलो आसा रे." लिहिलेला होता खरा, पण गेल्या वर्षीच्या कालनिर्णयावर, आणि त्या पानांत मामीने मुंजीच्या सुपाऱ्या बांधल्या होत्या. एकेक पुडी सोडत गेलो. फेब्रुवारीच्या पानावर पासवर्ड सापडला: म्हशीचं नाव आणि पुढे १२३. हिशेब साहेबांना पोचले, तोवर मुंजीची पंगत उठली होती.

पुण्यात परतल्यावर प्रिंटर ओळख दाखवेना. सेटिंग अजून 'ऑटोमॅटिक'वरच होतं, आणि मूळचे आकडे मी कुठेच टिपून ठेवले नव्हते. तेव्हा प्रवासाला निघण्याआधी आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे वहीत उतरवून घ्या. आणि ती वही सुपाऱ्या बांधणाऱ्यांच्या हाती लागू देऊ नका.