विमागुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरला काहीतरी तपासल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. लिंबागणेशचे आमचे गुरुजी पॉलिस्या तपासतात. पोरगा पुण्याला आयटीत. त्याच्या कंपनीत वर्षातून एकदा, आठ-दहा दिवसांपुरतं, आईवडिलांना विम्यात घ्यायचं का ते विचारतात. तेवढे दिवस गुरुजींच्या ओट्यावर परीक्षेचा हंगाम असतो. झेरॉक्सचा गठ्ठा, लाल पेन. ‘को-पे 20 टक्के’ला गोल आणि शेजारी शेरा: ‘पाच रुपयांतला एक आपलाच!’ खोलीभाड्याच्या मर्यादेवर फुली. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत 2024 मध्ये चार वर्षांवरून तीनवर आली, पासष्टीनंतर नवी पॉलिसी घ्यायची आडकाठीही गेली, हे त्यांना तोंडपाठ. ‘दार उघडलंय हो, पण हप्ता ऐकून माणूस उंबऱ्यातूनच माघारी येतो.’

पीक विम्याच्या ‘बीड पॅटर्न’चा हा जिल्हा. नुकसान 72 तासांत कळवायचं, हा जुना नियम इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे एजंट आला की गुरुजींचा पहिला सवाल ठरलेला: ‘छातीत कळ आली तर किती तासांत कळवायचं? आणि पंचनाम्याला कोण येणार?’ एजंट चहा न घेताच उठतो. काकू म्हणतात, ‘अहो, निदान साखर तरी वाचली.’

ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. गावातली सगळी म्हातारी मंडळी ओट्यावर लोटली. वय मात्र आधारवरचं धरतात, आणि आधार निघालं शाळेच्या दाखल्यावरून. तिथं निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा! तारखा टाकणारे गुरुजींचेच वडील, तेही मास्तर. ‘पुढं नोकरीला बरं पडेल’ म्हणून थोरल्या गुरुजींनी प्रत्येकाचं वय दोन-दोन वर्षांनी छाटलेलं. पोटच्या पोरालाही सोडलं नाही. त्यामुळे एकाहत्तरीचे गुरुजी कागदावर एकोणसत्तरच.

‘थोरल्या गुरुजींच्या पुण्याईनं नोकरी काय लागली न्हाई,’ एक म्हातारा कुरकुरला, ‘अन् कार्डबी न्हाई. मग दोन वर्षं आजारीच पडायचं न्हाई का, गुरुजी?’

‘पडा की,’ लाल पेनचं टोपण काढत गुरुजी म्हणाले. ‘महात्मा फुले जन आरोग्य योजनेला वय लागत नाही. रेशन कार्ड घेऊन या. फक्त आजार तेवढा यादीतला धरा.’