दिवा थंड, गिऱ्हाईक त्याहून थंड

नव्या उद्योजकाला बँकेच्या व्याजापेक्षा महाग काय पडत असेल, तर ‘कल्पना छान आहे हो’ हे वाक्य. पुण्यात एखाद्या हुशार माणसाच्या डोक्यात येतं की एलईडी दिवे तापतात म्हणून लवकर जातात. ते नीट थंड ठेवणारी रचना आपण केली तर धंदा होईल. मग तो रीतीप्रमाणे बाजाराचा कौल घ्यायला निघतो आणि दिसेल त्याला विचारतो, “थंड राहणारा, जास्त टिकणारा दिवा मिळाला तर घ्याल का?” या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. कमी तापणारा दिवा, कमी भांडणारा शेजारी आणि वेळेवर येणारी बस कुणाला नको असते? सगळे हो म्हणतात, याला उद्योजक पाहणी म्हणतो आणि नोकरीचा राजीनामा लिहायला बसतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याची कल्पना बरोबर असली तरी प्रश्न चुकलेला आहे. दिव्याबद्दल विचारून उपयोग नाही. शिडीबद्दल विचारायला हवं.

कल्पना बरोबर आहे हे आधी मान्य करून टाकू. जुना पिवळा बल्ब हात भाजायचा, पण त्याची बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर काचेतूनच बाहेर पडायची. एलईडीचा प्रकाश मात्र थंड असतो, म्हणून दिवाही थंड आहे अशी लोकांची समजूत होते. प्रत्यक्षात नऊ वॅटच्या दिव्यातही निम्म्याहून अधिक वीज उष्णताच होते आणि ती चिपच्या पाठीमागून, धातूतून वाहून न्यावी लागते. वाट मिळाली नाही की चिप मंदावते आणि तिच्याआधी तिला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर म्हातारा होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा कारागिरांचा हिशेब आहे. गेलेल्या दिव्याची टोपी काढून पाहा. गोल पट्टीवर पिवळ्या टिकल्या मांडलेल्या दिसतात आणि त्यातल्या एकीवर मोहरीएवढा काळा ठिपका असतो. बाकीच्या धडधाकट असतात, पण सगळ्या एकाच माळेत ओवलेल्या. त्यामुळे एक सभासद रुसला की अख्ख्या कमिटीने राजीनामा द्यावा, तसा दिवा बंद पडतो.

एवढं असूनही थंड दिव्यासाठी बाजारात मोर्चा निघत नाही, कारण स्वस्ताईने आधीच मैदान मारलेलं आहे. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या उजाला योजनेने देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ साली ३८ रुपयांवर आला. देशाचं विजेचं बिल वाचलं हे उत्तमच झालं, पण दिवा म्हणजे शंभराच्या आतबाहेरची वस्तू हे गिऱ्हाइकाच्या मनात पक्कं बसलं. सुरुवातीच्या दिव्यांना ॲल्युमिनियमच्या जाडजूड पाकळ्या असत. आजचा दिवा हातात घेतला तर बाहेर प्लॅस्टिक आणि आत धातूचा पातळ पत्रा. उद्योजक नेमका तोच धातू परत आणून जास्त पैसे मागणार असतो, तेही खोक्यावर छापलेल्या तासांच्या जोरावर.

त्या तासांवर बाजाराचा किती विश्वास आहे, ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कळतं. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात. रोज सहा तास दिवा लावला तर ही झाली अकरा वर्षं. दुकानदार मात्र खोक्यातून दिवा काढतो, लावून दाखवतो आणि काळ्या मार्करने त्याच्या बुडावर तारीख घालतो, कारण वॉरंटी वर्षा-दोन वर्षांची असते. दोन्ही मजकूर एकाच दिव्याबद्दल असतात. गिऱ्हाईक छापील आकड्याकडे बघत नाही आणि मार्करची तारीख मात्र दोनदा वाचून घेतं. यात त्याचं चुकतं असंही नाही. प्रमाणित चाचणीत चिप किमान सहा हजार तास पेटती ठेवतात आणि पुढचं आयुष्य गणिताने काढतात, तेही फार तर सहापट. शिवाय ही परीक्षा चिपची असते. आधी दम तोडणारा ड्रायव्हर त्या परीक्षेला बसलेलाच नसतो.

मग थंड दिव्याला पैसे देतं कोण? ज्याला दिव्यापेक्षा दिवा बदलणं महाग पडतं, तो. घरातला साधा दिवा गेला तर स्टुलावर चढायचं, होल्डरमध्ये दाबून फिरवायचा आणि खाली उतरायचं. इथे टिकाऊपणाची किंमत शून्य. पीओपीच्या छतात बसवलेला दिवा गेला तर वायरमन लागतो. तो ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो, कुठल्या दिवशीच्या संध्याकाळी हे मात्र सांगत नाही. इथे थोडी किंमत आली. सोसायटीच्या जिन्यातल्या उंच दिव्याला शिडी, वायरमन, सेक्रेटरी आणि तीन कोटेशनं लागतात. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये पंचवीस-तीस फुटांवर टांगलेला हाय-बे दिवा भट्टीच्या झळांनी आधीच तापलेला असतो, आणि तो बदलायचा तर खालचं काम थांबवून लिफ्ट लावावी लागते. दिव्याची किंमत तिथे कुणी विचारतही नाही. उलट, गणेशोत्सवातली रोषणाई दहा दिवसांची. त्या मांडवाला पन्नास हजार तासांचा दिवा विकायला जाणाऱ्याला प्रसाद तेवढा मिळेल. तेव्हा पाहणी करणाऱ्याने दिवा दाखवू नये. मागचा दिवा कधी गेला, कोण चढलं, किती दिवस अंधार होता आणि बिल किती झालं, हे विचारावं. रॉब फिट्झपॅट्रिक याने २०१३ च्या ‘द मॉम टेस्ट’ या पुस्तकात साधारण हेच सांगितलं आहे: आपल्या कल्पनेबद्दल विचारलं तर आईसुद्धा खोटं बोलते, म्हणून समोरच्याच्या आयुष्यात काय घडलं ते विचारा.

यावर पहिला आक्षेप मोठ्या घराण्याचा दाखला घेऊन येतो. गिऱ्हाइकाला विचारत बसले असते तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर केलाच नसता. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणत होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली आणि तरीही पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. दाखला खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. शेतकऱ्याचं मत एक होतं आणि शेत दुसरंच सांगत होतं. लक्ष्मणरावांनी शेताचं ऐकलं. शिवाय नांगराने काढलेलं तास त्याच दुपारी बांधावरून दिसतं, दिव्याचे तास पटायला मात्र पाच-सात वर्षं जातात, आणि तेव्हाही दिसतं काय, तर काहीच बिघडलं नाही हे. न घडलेल्या घटनेची जाहिरात करणं अवघड असतं. म्हणून अशा दिव्याने तासांचा आकडा छापू नये. ‘पाच वर्षांत गेला तर दिवा आमचा आणि शिडीचा खर्चही आमचा’ असं लिहून द्यावं. ज्याला हे लिहून देताना घाम फुटतो, त्याने आपली थंड करण्याची रचना पुन्हा तपासावी.

दुसरा आक्षेप पुणेकरांबद्दलचा. इथला माणूस मुळातच नन्नाचा पाढा वाचणारा. त्याच्यावरून बाजार कसा ठरवायचा? पण परीक्षेला कडक परीक्षकच बरा. इतरत्र लोक तुमचं मन राखायला हो म्हणतील. इथे वाईट बोलायला लोक कमी करत नाहीत, आणि त्यांच्याकडे मागच्या दिव्याचं बिल, वॉरंटी कार्ड आणि खोकंसुद्धा जपून ठेवलेलं असतं. पाहणीला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? फक्त शेवटचा प्रश्न तोंडी ठेवू नये. पाचशे रुपये इसार मागावा. चाकणच्या कारखानदाराने किंवा कोथरूडच्या सोसायटीच्या खजिनदाराने पावती मागून का होईना तो दिला, तर खुशाल कारखाना काढावा. ‘छान आहे, बघू’ एवढंच मिळालं, तर त्यांचे आभार मानावेत आणि सोमवारी वेळेवर ऑफिसला जावं.